बाकावर धरलेली जागा

१० डिसेंबर

पाकिटामागचं नाव वाचून हे पत्र उघडावं की केराच्या टोपलीत टाकावं, याचा तुम्ही नक्कीच विचार केला असेल. उघडलंत, म्हणून आभार. पुढचं वाचलं नाहीत तरी माझी तक्रार नाही.

मी ती एक्स-रेवाली. बावीस वर्षांपूर्वी कोर्टाच्या जिन्यावर आपण एकदाच समोरासमोर आलो होतो. तुम्ही बाजूला होऊन मला वाट करून दिली होती, ते मी अजून विसरलेले नाही. तुम्हाला 'ताई' म्हणावंसं वाटतं, पण तो हक्क मला नाही. आणखी एक अडचण अशी की नवऱ्याबद्दल लिहिताना 'आमचे हे' लिहावं तर तुम्हाला टोचेल, आणि 'तुमचे हे' लिहावं तर मला. म्हणून नुसतं 'ते' लिहिते. चालवून घ्या.

काम एवढंच आहे. तुम्ही दोघं लग्नानंतर एका नाताळच्या सुट्टीत तळ्याकाठच्या त्या गावी दिव्यांची रोषणाई बघायला गेला होता. तिथे कुठे उतरला होता, ते मला हवंय. त्यांची तब्येत ठीक आहे. वयानुसार थोडंफार विसरतात, एवढंच. पण हल्ली त्या रोषणाईचा विषय सारखा काढतात, म्हणून वाटलं की चार दिवस जाऊन यावं. नेमकी तीच जागा मिळाली तर त्यांना बरं वाटेल, असं डॉक्टरांचंही मत आहे.

त्यांनाच विचारलं असतं. पण त्यांना खिडकीतून तळं दिसत होतं एवढंच आठवतं, आणि तळ्याकाठी सगळ्याच खिडक्यांतून तळं दिसत असणार.

एका ओळीचं कार्ड टाकलंत तरी पुरे.


१८ डिसेंबर

तुमचं कार्ड मिळालं. 'धक्क्यासमोरचं गेस्टहाउस, दुसरा मजला, कोपऱ्यातली खोली. पुन्हा लिहू नका.' अक्षर फळ्यावर लिहिल्यासारखं सरळ आहे. त्यांनी कार्ड हातात घेतलं, बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हे मास्तरीणबाईंचं अक्षर." मग ते खिशात घालून दिवसभर फिरले. आंघोळीच्या वेळीसुद्धा मला देईनात.

पुन्हा लिहू नका म्हणालात तरी लिहितेय. कारण पहिल्या पत्रात मी खरं लिहिलं नव्हतं, आणि खोट्याच्या जोरावर तुमच्याकडून पत्ता काढून घेतला, हे मनाला लागून राहिलंय.

थोडंफार विसरतात, असं नाही. गेल्या वर्षी गॅस चालू ठेवायचे, किल्ल्या फ्रीजमध्ये ठेवायचे, तोवर मीही हसण्यावारी नेत होते. या वर्षी ते मागून पुसले जायला लागले. आधी निवृत्तीनंतरची वर्षं गेली. मग आमच्या या घराची. मग हॉस्पिटलची लिफ्ट दोन मजल्यांमध्ये अडकली होती, मी आत स्ट्रेचरवरच्या पेशंटसकट अडकले होते आणि त्यांनी वरून दार उघडून "घाबरू नका, दोर मजबूत आहे" असं सांगितलं होतं, तो दिवसही गेला. आमचं सगळं त्या दिवसापासून सुरू झालं, हे तुम्हाला ठाऊकच आहे. तो दिवस गेला म्हटल्यावर मीच गेले.

आता ते कुठे राहतात, सांगू? तुमच्याबरोबर राहतात. रोज दुपारी बूट घालून दाराशी येतात आणि मला म्हणतात, "बाई, तुमचे खूप उपकार झाले, पण आता मला घरी जाऊ द्या. बायको शाळेतून येईल."

बावीस वर्षं मी त्यांच्या डब्यात पोळ्या भरल्या, त्यांच्या ग्रीस लागलेल्या शर्टांच्या कॉलरी घासल्या. आता मी त्यांची बाई. कामाची की कुठली, हे त्यांनाही नक्की ठाऊक नाही.

तुम्हाला हे वाचून समाधान वाटलं, तर तेही मला समजेल.


२४ डिसेंबर, गेस्टहाउसमधून

तुम्ही सांगितलेली खोली मिळाली. फोन करून आधीच राखून ठेवली होती. भिंती आता पिवळ्या आहेत, बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ आहे. तुमच्या वेळी बादली खालून आणावी लागायची, असं ते म्हणाले. आत पाऊल टाकल्याबरोबर ते थेट खिडकीशी गेले, कडी जरा वर उचलून डावीकडे ढकलली आणि खिडकी उघडली. ती कडी मला नंतर तीनदा प्रयत्न करूनही उघडता आली नाही. ज्याला माझं नाव आठवत नाही त्या माणसाच्या हाताला चाळीस वर्षांपूर्वीची कडी आठवते.

खरं सांगते, मला इथे यायचं होतंच. लग्नानंतर पहिल्याच डिसेंबरात मी म्हटलं होतं, आपण जाऊ या का ती रोषणाई बघायला? ते म्हणाले, "काय बघायचंय तिथे? दिवेच तर आहेत." दुसऱ्या वर्षी विचारलं तेव्हा कामाचं कारण दिलं. तिसऱ्या वर्षी मी विचारलं नाही. घरातल्या सगळ्या जागा मी हळूहळू ताब्यात घेतल्या, पण या एका गावावर त्यांनी तुमचंच नाव ठेवलं होतं. आणि आता माझ्याबरोबर इथे आलेत तेही मी कोण हे न ओळखता.

संध्याकाळी पाचला खाली उतरलो. थंडी इतकी की बोलताना तोंडातून वाफ येत होती. तळ्याला धरून जो रस्ता जातो त्याच्या दोन्ही बाजूंच्या झाडांना मुळापासून शेंड्यापर्यंत माळा गुंडाळल्यात. धक्क्यावर तारांची हरणं उभी केलीत. चर्चच्या मनोऱ्यावर मोठा तारा आहे. बरोबर सहा वाजता कुणीतरी कळ दाबली आणि सगळं एकदम पेटलं. माणसं 'आहा' म्हणाली. मी त्यांच्याकडे बघत होते. ते दिव्यांकडे बघतच नव्हते, गर्दीत कुणाला तरी शोधत होते.

मग धक्क्याजवळच्या एका लाकडी बाकावर जाऊन बसले. मी शेजारी बसायला गेले तर पटकन हात आडवा ठेवला.

"माफ करा बाई, इथे माझी मिसेस बसणार आहे."

"येईपर्यंत बसू का?"

"येईलच इतक्यात. तिला गर्दीत उभं राहवत नाही."

मी उभी राहिले. बराच वेळ उभी होते. पाय भरून आले, पण दुसरीकडे जाऊन बसले असते तर ते नजरेआड झाले असते. मध्येच ते खुशीत येऊन मला दिवे समजावून सांगायला लागले. पूर्वी माळेतला एक दिवा गेला की अख्खी माळ विझायची, मग शिडीवर चढून एकेक दिवा पिळून बघावा लागायचा, आता तसं नसतं, आता एक गेला तरी बाकीचे जळत राहतात. "सोय झाली," म्हणाले.

एका म्हाताऱ्या जोडप्याने त्यांना विचारलं, जागा रिकामी आहे का? त्यांनाही हेच उत्तर दिलं. त्या आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून हो म्हटलं. त्यांची मिसेस येणार आहे.

वर आलो तर खोलीच्या दारातच अडले. "तुम्ही इथे कशा? बायको आली तर काय म्हणेल?" चेहऱ्यावर खरोखरचा संकोच. सभ्य माणूस आहे हो, पहिल्यापासून. तुम्ही हसाल. ज्या माणसाने तुम्हाला सोडलं तो आता तुमच्यासाठी माझ्यापासून इभ्रत सांभाळतोय.

खाली जाऊन शेजारची खोली मागितली. काउंटरवरच्या बाईंनी हळूच विचारलं, "भांडण झालं का?" मी हो म्हणाले. तेच सोपं होतं.


२७ डिसेंबर

काल फोनवर तुमचा आवाज ऐकला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. तुम्हाला फक्त शेवट कळला, आधीचं काय झालं ते माहीत नाही. ते तुम्हाला सांगायला हवं.

संध्याकाळी आम्ही दिव्यांच्या बोगद्यातून चाललो होतो. कमानीमागे कमान लावून मोठी लांबलचक वाट केलीय, आत माणसांची ही गर्दी. मी त्यांची बाही धरली होती. समोरून एक कुटुंब आलं, त्यांची ढकलगाडी माझ्या पायावर आली, मी खाली वाकले. वर पाहिलं तर माझ्या हातात बाही नव्हती.

बोगद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी किती फेऱ्या मारल्या, माहीत नाही. वरचे दिवे रंग बदलत होते, त्यामुळे प्रत्येक माणसाचं स्वेटर आधी निळं, मग लाल, मग हिरवं. त्यांचं करडं स्वेटर ओळखायचं तरी कसं? हाक मारायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं की माझ्या 'अहो'ला ते आता ओ देणार नाहीत. मी 'लिफ्टवाले, लिफ्टवाले' अशी ओरडत सुटले. लोक बाजूला होत होते.

शेवटी पोलिसांच्या तंबूत वर्दी दिली, आणि तासाभराने तिथून माणूस आला. रस्त्यापलीकडच्या दुकानांच्या इमारतीत ते सापडले होते. लिफ्टपाशी उभे राहून त्यांनी वॉचमनला सांगितलं, मी तपासणीला आलोय, हिचं दार बंद होताना आवाज येतोय. इतकं ठासून सांगितलं की त्याने लिफ्ट बंद करून दिली, पाटीही लावली. पाऊण तास लोक जिन्याने चढत होते. मग त्याने ओळखपत्र मागितलं, तेव्हा यांनी खिशातून तुमचं कार्ड काढून दाखवलं.

मी तंबूत गेले. ते खुर्चीवर बसले होते, अंगावर कुणीतरी घोंगडी टाकली होती. मला बघून घाबरले. मला. खुर्ची मागे सरकवली आणि हवालदार बाईंची बाही घट्ट धरली.

"ह्या तुमच्या कोण?" त्या बाईंनी विचारलं.

"मी नाही ओळखत. माझ्या मागेच लागल्यात. कुठेतरी डांबून ठेवतात मला. घरी जाऊ देत नाहीत."

मी पर्स उघडली. ओळखपत्रं, फोनमधले फोटो, डॉक्टरांचा कागद, सगळं टेबलावर मांडलं. हवालदार बाईंनी पाहिलं, त्यांना पटलंही. पण त्यांना पटून काय उपयोग? "आजोबा, या तुमच्या पत्नी आहेत," असं त्या म्हणाल्या तेव्हा ते रडायला लागले. "तुम्हीही त्यांना सामील," म्हणाले. मग एकदम सावरून बसले आणि एक फोन नंबर सांगितला. न अडखळता, एका दमात. मला वाटलं, जुना असेल, कधीच बंद झाला असेल. तुम्ही तो नंबर अजून ठेवलाय, हे मला ठाऊक नव्हतं. का ठेवलाय, ते मी विचारणार नाही.

हवालदार बाईंनी स्पीकर लावला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं. तुम्हाला नुसता आवाज ऐकू आला असेल. इथे कसं होतं ते सांगते. तुम्ही 'हॅलो' म्हणालात आणि त्यांचा चेहरा, काय सांगू, मी त्या चेहऱ्याबरोबर बावीस वर्षं राहिले पण तो असा कधी पाहिला नव्हता.

"मास्तरीणबाई, मी कधीचा जागा धरून बसलोय. तू आहेस कुठे?"

बाहेर बँडवाले वाजवत होते. मला वाटलं, तुम्ही फोन ठेवलात. मी तुमच्या जागी असते तर ठेवला असता.

मग तुम्ही विचारलंत, "जेवलात का?"

"नाही."

"स्वेटर घातलंय?"

"घातलंय. पण इथे एक बाई आहे, ती सोडत नाही मला."

"कसली बाई?"

"आहे एक. चष्मा आहे. तशी वाईट नसावी, पण सारखी मागे मागे."

आणि मग शाळेत मुलांना सांगावं तशा स्पष्ट म्हणालात, "अहो, त्यांना मीच पाठवलंय. त्यांच्याबरोबर जा. त्या सांगतील तसं वागा."

"तू पाठवलंयस?"

"हो."

"मग तू कधी येणार?"

"येते."

ते उठले. घोंगडीची नीट घडी करून खुर्चीवर ठेवली आणि माझ्यासमोर हात पुढे केला. "आधी नाही का सांगायचं, बाई," म्हणाले. गेस्टहाउसपर्यंत माझा हात धरून आले. कित्येक महिन्यांत त्यांनी माझा हात धरला नव्हता. तुमच्या शब्दावर धरला.

आता जे लिहायचंय त्यासाठी सकाळपासून तीन कागद फाडले. नोव्हेंबरात एका दुपारी ते बूट घालून दाराशी आले, मला आदल्या रात्रीचा ताप होता, आणि माझा तोल गेला. मी म्हणाले, कुणाकडे जाताय, तुमची बायको वारली. ते तिथेच दाराशी जमिनीवर बसले. संध्याकाळपर्यंत रडत होते. कधी गेली, कशाने गेली, मला कुणी का नाही कळवलं. मी त्यांना जवळ घ्यायला गेले तर म्हणाले, तुम्ही परक्या आहात, तुम्हाला नाही कळायचं.

दुसऱ्या दिवशी ते विसरले आणि पुन्हा बूट घातले. आणि मी पुन्हा तेच सांगितलं. दोनदा नाही, तीनदा सांगितलं. पहिल्यांदा तोल गेला होता. पुढच्या दोन वेळा मी अगदी शांत होते. एकदा तरी ते लक्षात राहील आणि माझी सुटका होईल, असं वाटत होतं. तुम्ही जिवंत असताना मी तुम्हाला तीन वेळा मारलं, आणि त्यांना तीन वेळा विधुर केलं. या दिव्यांची सहल त्याचीच भरपाई होती. डॉक्टर असलं काही बोलले नव्हते.

आणि तुम्ही म्हणालात, त्यांना मीच पाठवलंय.

उद्या सकाळी निघतो. त्यांनी सामान कालच भरून ठेवलंय. बायको येणार म्हणून.


२ फेब्रुवारी

तुम्ही 'येते' म्हणालात आणि खरंच आलात. मला वाटलं होतं, त्यांची समजूत काढायला म्हणालात. शनिवारी दाराची बेल वाजली तेव्हा मी पीठ मळत होते, म्हणून दार त्यांनी उघडलं. स्वयंपाकघरातून मला तुमची काठी आधी दिसली.

त्या क्षणी मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू. मला वाटलं, आता तो तंबूतला चेहरा पुन्हा दिसणार, या वेळी माझ्याच घरात.

"या आजी," ते म्हणाले. "या, बसा. जिना चढून दमलात."

तुम्ही उंबऱ्यावरच थांबलात. मी पिठाचे हात तसेच धरून उभी. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत नाही, ते बरं केलंत.

त्यांनी तुम्हाला स्वतःची खुर्ची दिली, पायाखाली स्टूल सरकवलं. "माझी बायको शाळेत गेलीये. पाचपर्यंत येते. तुमचं कोण आहे त्या शाळेत?"

"नातू," तुम्ही म्हणालात.

"कितवीत?"

"चौथीत. गणितात कच्चा आहे."

"मग काळजी नको. ती छडी उगारते, पण मारत नाही."

तुम्हाला हसू आलं. खरंखुरं आलं, मी पाहिलं. फोनवरच्या त्या आवाजाचं वय त्यांना ऐकू आलं नव्हतं. डोळ्यांना मात्र दिसलं. ते पस्तिशीच्या बाईची वाट बघतायत, आणि ती तुमच्याकडेही राहिलेली नाही.

तुम्ही पाचपर्यंत बसलात. मध्ये स्वयंपाकघरात येऊन, मी नको नको म्हणत असताना, कप विसळलेत आणि विचारलंत, "तुम्हाला झोप लागते का?" एवढं एकच विचारलंत.

पाच वाजता उठलात तर ते म्हणाले, "थांबा की, येईलच ती."

"उशीर होतोय," तुम्ही म्हणालात.

बसथांब्यावर मी तुमची माफी मागायला सुरुवात केली, तेव्हा तुम्ही काठी दुसऱ्या हातात घेतलीत आणि म्हणालात, "राहू द्या. ज्याच्यावरून भांडायचं तोच राहिला नाही. आता मी माफ करून काय करू?" मग बस आली. खिडकीशी बसलात, पण माझ्याकडे बघितलं नाहीत. मीही हात हलवला नाही.

हे पत्र त्यानंतरचं सांगायला लिहितेय. तुम्ही गेलात त्या दिवसापासून त्यांनी बूट घातलेले नाहीत. दुपार होते, पाच वाजतात, ते खुर्चीतच बसून असतात. घरी जायचंय म्हणत नाहीत. कुणी येणार आहे, असंही नाही. डॉक्टर म्हणतात, आजार पुढे सरकला, तुमच्या येण्याशी त्याचा काही संबंध नाही. मी त्यावर विश्वास ठेवायचं ठरवलंय, तुम्हीही ठेवा.

वर्षभर मी हेच मागत होते. एक दिवस तरी त्यांनी तुमची आठवण काढू नये. आता आठवडा झाला. घर इतकं शांत आहे की मलाच करमत नाही. त्यांच्या तोंडी तुम्ही होता तोवर त्यांच्या आत कुणीतरी होतं, एवढं तरी होतं.

काल राहवलं नाही. त्यांच्यासमोर स्टुलावर बसले, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाले, "अहो, मास्तरीणबाई आठवतात का? मास्तरीणबाई?"

त्यांनी हात सोडवून घेतले नाहीत. आठवून पाहिल्यासारखं केलं. मग परक्या माणसाशी बोलावं तसं, अगदी अदबीने मला विचारलं, "कोणत्या शाळेत असतात त्या?"